एकाच भावाची खानावळ

मोठ्या बाई,

तुम्ही गेलात तेव्हा आपलं भांडण चालू होतं. माझ्या मते ते अजून मिटलेलं नाही, कारण शेवटचं बोलायची पाळी माझी होती आणि तुम्ही ती येऊच दिली नाही. त्या सकाळी मी दुर्गला तांदूळ घ्यायला निघाले तेव्हा तुम्ही खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होतात. ताप होता, पण तो आठवडाभर येऊन जाऊन होता. मी दारातून म्हटलं, भाव वाढवल्याशिवाय या महिन्यात चूल पेटणार नाही. तुम्ही वळला नाहीत. मला वाटलं, राग आहे. तुमचा राग माझ्या ओळखीचा. गाडी चुकेल म्हणून मी निघाले.

दुर्गच्या व्यापाऱ्याशी मी दुपारपर्यंत घासाघीस केली. तांदूळ मिळत नाही, वरून येत नाही, हे त्याचं रडगाणं सगळं ऐकून घेतलं आणि तरी पोत्याचा असा भाव पाडला की तो म्हणाला, बाई, तुमच्याशी धंदा करण्यापेक्षा दुकानाला कुलूप लावलेलं बरं. गाडीत बसून मी हेच वाक्य घोळवत होते. घरी जाऊन तुम्हाला सांगायचं, मग तुम्ही हसू येत नसल्यासारखं करून हसणार, आणि त्यानंतर आपण पुन्हा भांडायला बसणार, असं माझ्या डोक्यात होतं. भिलाईच्या पावर हाउस स्टेशनला उतरले तर फलाटावर तुमचे दीर उभे. माझा नवरा मला कधी गाडीवर घ्यायला आलेला नाही. त्यांना पाहिलं आणि मला कळलं.

तो भाव मी अजून कोणाला सांगितलेला नाही. ज्याला त्याची किंमत कळेल असं माणूस घरात उरलं नाही.

दिवसकार्य होईपर्यंत चूल बंद होती. लोक येत होते. लोखंड वर ओढणारे खलाशी आले, काँक्रीटचे ढलाईवाले आले, टाइम ऑफिसचे बाबू आले. पोलादाच्या कारखान्यात कायम झालेले काही जण सेक्टरातल्या क्वार्टरातून सायकलीवर बायकांना बसवून आले. प्रत्येकाचं बोलणं फिरून एकाच जागी यायचं: मोठी बाई म्हणजे अन्नपूर्णा होती. मी पाणी देत होते आणि ऐकत होते. तुम्ही होतातच. पण त्या अन्नपूर्णेला तांदूळ कोण आणून देत होतं, हे एकानेही विचारलं नाही. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये एवढं मलाही कळतं. तरी मी तुमच्यावर चिडले आहे, आणि ते तुम्हालाच सांगायला हवं. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर ते मला लहान समजतील.

आपण तिरोड्याकडून इथं आलो तेव्हा भिलाई म्हणजे लाल मुरूम, खड्डे आणि तंबू एवढंच होतं. मोठे भाऊजी गेल्यावर सासरच्या घरात तुमचं काम वाढलं होतं आणि ताट लहान झालं होतं. तुमच्या दिरांना एका ठेकेदाराने शटरिंगच्या सुतारकामाला बोलावलं, तेव्हा मी म्हटलं, जाऊबाई आपल्याबरोबर येतील. सगळ्या घराने मला मोठ्या मनाची म्हटलं. मोठं मन वगैरे काही नव्हतं. मला माहीत होतं की तुमच्या हातचं वरण विकलं जाईल. मी तुम्हाला रस्त्यातच, डोंगरगडच्या पुढे, सांगितलं होतं की आपण तिथं बसून खाणार नाही, खानावळ काढू. तुम्ही विचारलं, लोक येतीन का? मी म्हटलं, जिथं एवढे बापे आपापल्या बायका सोडून आलेले आहेत तिथं न येऊन जातील कुठं?

सुतारकामाचा भरवसा नव्हता. पाया भरला की सुतारांना घरी बसवायचे, दुसरा पाया खोदला की बोलवायचे. म्हणून घर चाललं ते खानावळीवर. रेल्वे लाइनीच्या पलीकडे बांबू आणि तट्ट्यांची झोपडी, वर टिनाचे चार पत्रे, आत जर्मनची ताटं. ही खानावळ बुडाली तर आपल्याला परत सासरच्या त्या घरी जावं लागेल, हे आपण दोघी जाणून होतो. मी ते रोज बोलून दाखवायची. तुम्ही एकदाही बोलला नाहीत.

नियम तुम्ही घालून दिला. महिन्याचा एकच भाव, आणि जेवण पोटभर. माणूस ताटावर हात आडवा धरत नाही तोवर वाढत राहायचं, आणि 'अजून पाहिजे का' असं विचारायचं नाही, कारण विचारलं की माणूस लाजून नाही म्हणतो. सुरुवातीला मला यात काही वाईट दिसलं नाही. भात, लाखोळीचं वरण, पातळ भाजी आणि ठेचा. तांदूळ मी आणायची, कोळसा मी आणायची, भाजीचा भाव मी करायची. भाजी जामुलकडची सुकवारा आणायची, डोक्यावर टोपली आणि कमरेला पोर. तिच्याशी माझी रोज सकाळी लढाई. मी वांग्यातला किडा शोधायची, ती माझ्या तराजूत दगड शोधायची. शेवटी मी चार पैसे वाचवून विजयी होऊन आत यायची, आणि पाहायची तर काय, तुम्ही मागच्या दाराशी सुकवाराला ताट वाढून बसवलेलं. भातावर वरण, वरणावर तेलाची धार. मी भावात जे कमावलं ते सगळं त्या ताटात परत. मी ओरडले तर म्हणालात, "तू तुह्या दारी भाव कर, मी माह्या दारी वाढते."

आता लिहिताना हसू येतं. तेव्हा यायचं नाही.

पहिली कुरकुर टाइम ऑफिसच्या घाटेबाबूंनी केली. सडपातळ माणूस, सायंकाळी धुतलेला शर्ट घालून यायचा आणि दौलतच्या शेजारी बसायचा. दौलत खलाशी. त्याचं काम दोरांनी आणि कप्प्यांनी लोखंडाच्या तुळया वर चढवायचं. पंधरा माणसांची टोळी हाकेसरशी ओढायची, आणि सगळ्यांत पुढे हा. दौलत जेवायला बसला की मी वाढायला जायची नाही. माझ्याने पाहवायचं नाही. भाताचा ढीग ताटावर उतरायचा आणि जमिनीत मुरल्यासारखा नाहीसा व्हायचा.

घाटेबाबू मला म्हणाले, "लहान्या बाई, मी दोन मुठी भात खातो. हा डोंगर खातो. पैसे दोघांचे सारखे. हा कुठला हिशोब?"

मला ते पटलं. मी आत येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही बाहेर गेलात आणि बाबूंना विचारलं, "तुमाले कमी वाढलं का कधी, बाबू?"

ते म्हणाले, नाही.

"मंग जेवा नं."

एवढ्यावर तुमच्या लेखी विषय संपला. माझ्या लेखी तो तिथून सुरू झाला. मी तुमच्यापुढे मांडलं की दोन भाव करू. बाबू लोकांना कमी, अंगमेहनतीवाल्यांना जास्त. जो जेवढं खातो त्याने तेवढं द्यावं, यात चुकलं काय? दुकानात कोणी दोन हात कापड घेऊन एका हाताचे पैसे देतो का? तुम्ही तांदूळ निवडत होता. मान वर न करता म्हणालात:

"दौलत हौसेनं खाते का? दिवसभर तो लोखंड ओढते, अन् ते लोखंड त्याले खाते. त्याचा भात त्याच्या अंगी नाई लागत. कारखान्याच्या अंगी लागते."

"मंग कारखान्यानं द्यावे त्याचे पैसे."

"कारखाना देत नाई. म्हनून बाबू देते."

"बाबूले विचारलं का?"

"नाई," तुम्ही म्हणालात, आणि मग हसलात. तुमचं ते हसणं मला कधी परवडलं नाही.

तरी मी तुमच्याशी वाद घालायची तो उगाच नव्हे. धंद्यात मी जे पाहत होते ते तुम्ही पाहत नव्हता. रस्त्याच्या पलीकडे रायपूरच्या एकाने दुसरी खानावळ काढली. त्याचा नियम साधा. पोळीला पोळीचे पैसे, वाटीला वाटीचे. कमी खाणाऱ्याला तिथं स्वस्त पडायचं, जास्त खाणाऱ्याला आपल्याकडे. मग काय होणार? आधी घाटेबाबू गेले. मग त्यांच्या खोलीतले दोघे. मग ड्रॉइंग ऑफिसवाले. एकेक ताट रिकामं होत गेलं आणि त्या जागी तिकडून महाग पडतं म्हणून आपल्याकडे येऊन बसला दुसरा दौलत, तिसरा दौलत. खाणारे तेवढेच राहिले, पण सगळे डोंगर. महिना अर्ध्यावर आला की तांदळाचं पोतं तळाला जायला लागलं. तुम्ही वाढतच होता. तुमचा हात जराही आखडला नाही. मला सांगायला लाज वाटत नाही, त्या दिवसांत मला तुमचा हात धरावासा वाटायचा.

मी दुर्गला गेले आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला सौदा करून आले. एका व्यापाऱ्याकडे बारीक, जुना, पांढरा तांदूळ पडून होता. लग्नाच्या पंगतीसाठी मागवलेला, लग्न मोडलेलं. मी तो जाड्या तांदळाच्या भावात उचलला. जुना तांदूळ फुगतो, पातेलं लवकर भरतं, हा माझा हिशोब. पहिल्या दिवशी सगळी पंगत वास घेऊन खूश. चौथ्या दिवसापर्यंत तांदूळ आधीपेक्षा जास्त उडत होता. दौलत ताट धुताना मला अगदी अदबीने म्हणाला, "भात लय चांगला हाय, लहान्या बाई. पन कारखान्याच्या फाटकापर्यंतच पुरते. आत गेलं का पोट पुन्हा हाका मारते."

ही आपल्यासारख्या धानाच्या मुलखातल्या बाईने करायची चूक नव्हे. धान उकडून, वाळवून, मग कांडलेला जाडा उसना तांदूळच मजुराच्या पोटात टिकतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण भाव चांगला मिळाला की मी आंधळी होते. तुम्ही मला त्यावर काही बोलला नाहीत. फक्त घरात पाहुणे आले की मुद्दाम म्हणायचात, आमच्या लहानीनं लग्नाचा तांदूळ आनला, नवरदेव तेवढे राहिले. वर्षभर म्हणालात.

याच सुमारास ती दुसरी गोष्ट आली, जिच्यावरून मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

एका मोठ्या ठेकेदाराच्या मॅनेजरने मला बोलावून घेतलं. तो कधीतरी तुमच्या हातचं जेवला होता, असं त्याने सांगितलं. त्यांच्या साहेब लोकांसाठी, सुपरवायझरांसाठी मेस चालवायची होती. सिमेंटची फरशी, पाण्याचा नळ, कोळसा त्यांचा. अट एकच. मजुरांची पंगत बंद करायची, साहेब आणि खलाशी एका चुलीवर जेवणार नाहीत. मी लगेच हो म्हटलं नाही. मी त्याच्याशी घासाघिशीच्या दोन फेऱ्या केल्या. राहायला खोली मागितली, ती मिळाली. दाराला कुलूप लागणारी, पक्क्या विटांची. मग मी दुसरी खोली मागितली. तो म्हणाला, दुसरी कशाला? मी म्हटलं, मालकिणीला. तीही मिळवली. ही गोष्ट मी तुम्हाला आजवर सांगितली नव्हती. त्या सौद्यात सगळ्यांत जास्त मी त्या खोलीसाठी भांडले होते.

मी घरी आले. पायात बळ आल्यासारखं झालं होतं. तुम्हाला सगळं सांगितलं, खोलीचं सोडून. ते शेवटी सांगणार होते. तुम्ही ऐकलंत आणि विचारलं, "अन् दौलत?"

"दौलत त्याचं पाहीन."

"कुठं पाहीन? पलीकडं पोळी मोजून देते."

"मंग मोजून खाईन. सारं जग मोजून खाते."

तुम्ही उठलात, हात धुतलेत. म्हणालात, "तू जा. माहा राग नाई. मी इथंच राहाते."

मग मी जे बोलले ते झोपड्यांच्या सगळ्या लाइनीने ऐकलं. तुमच्याशिवाय मी तिथं काय विकणार, माझ्याशिवाय तुम्हाला बाजारात कोणीही लुटेल, मी उन्हातान्हात जाऊन भाव पाडते आणि तुम्ही तो गावाला वाटता, तुम्हाला परत त्या घरी जायचं असेल तर जा, मी जाणार नाही. हातातला लोटा मी भिंतीवर फेकला. तट्ट्याची भिंत, लोटा आरपार गेला आणि बाहेर दौलतच्या पायाशी पडला. तुम्ही तो बाहेर जाऊन उचलून आणलात, जागेवर ठेवलात आणि मला म्हणालात:

"मले त्या घरी मोजून वाढत होते. भाकर हातात देत, अन् डोळ्यांनी मोजत. मी कोनाले मोजून वाढनार नाई. तू मले इथं आनलं, मंग हे तेवढं राहू दे."

मी भाव करू शकते, पण जिथं समोरचा काही मागतच नाही, फक्त एक गोष्ट सोडायची नाही म्हणतो, तिथं भाव कसा करायचा? दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला नाही सांगून आले. तो हसला. तो ठेका रायपूरवाल्याने घेतला. आज त्याचं बाजारात दुमजली घर आहे, खाली हॉटेल, वर गॅलरीत कपडे वाळत असतात. मी त्या बाजूने जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जाते. ते घर आपलं होतं, मोठ्या बाई. माझ्या मनात ते अजून आपलंच आहे आणि त्यात तुमची खोली रस्त्याकडे आहे.

मग खानावळ तरली कशी, हे लोक विचारत नाहीत, कारण त्यांना वाटतं तुमच्या पुण्याईने तरली. मी सांगते कशी तरली.

सुकवाराने आपलं भांडण ऐकलं होतं. तिने मला विचारलं, तू दुर्गच्या शेटला एवढे पैसे का देतेस, आमच्या गावात धान आहे. मी त्याच दिवशी तिच्याबरोबर तिच्या गावाला गेले. मला वाटलं होतं, एवढे दिवस फुकट जेवली आहे, भावात धरेल. बाजेवर बसून मी तेच बोलून दाखवलं. ती पान लावत होती. म्हणाली, "थाली के बात अलग हे, धान के भाव अलग." आणि असा भाव सांगितला की मी उठून चालायला लागले. तिने मला जाऊ दिलं. मी बांधापर्यंत जाऊन परत आले. दिवस कलेपर्यंत आम्ही दोघी भांडलो, आणि त्या बाईने मला एक पैसाही उपकाराचा सोडला नाही. मला ती त्या दिवशी फार आवडली. शेवटी असं ठरलं की धान तिच्या गावच्या बायकांनी उकडून, वाळवून, कांडून द्यायचं, कोंडा त्यांनी ठेवायचा, आणि मधला व्यापारी गाळायचा. त्यांना शेटपेक्षा जास्त मिळालं, मला शेटपेक्षा कमी लागलं. उसना तांदूळ आला. दौलतची टोळी फाटकाच्या आत, वर तुळयांवर, संध्याकाळपर्यंत टिकायला लागली.

तुम्ही म्हणाल, सुकवारा आली ती ताटामुळे. असेल. पण भाव मी केला.

आणि बाबू परत आले, तेही खरं. त्याचं श्रेय मी घेत नाही. घाटेबाबू एका संध्याकाळी दारात उभे राहिले, धुतलेला शर्ट, हातात पिशवी. आत यायला संकोच. मी मुद्दाम विचारलं, का हो, तिकडे स्वस्त पडत होतं ना? ते म्हणाले, स्वस्त आहे, पण तिसऱ्या पोळीनंतर पोरगा मोठ्याने आकडा ओरडतो आणि सगळे वळून पाहतात. मला भूक असून मी दोन पोळ्यांवर उठायला लागलो. दोन मुठी खाणाऱ्या माणसालाही मोजून घेणं सहन झालं नाही. तुम्ही आतून ताट घेऊन आलात आणि त्यांना दौलतच्याच शेजारी बसवलंत. त्या दिवशी त्यांनी दोन मुठीहून बरंच जास्त खाल्लं. माझं लक्ष होतं.

पहिली भट्टी पेटली तेव्हा मोठमोठे लोक आले होते, हार, भाषणं. आपल्याला तिकडे जायला मिळालं नाही, चूल सोडता आली नाही. संध्याकाळी दौलत आला. त्याच्या भुवया झळीने करपल्या होत्या. तो नेहमीसारखा बसला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "मोठ्या बाई, तुमचा भात तिकडं लाल होऊन वाहून राहिला. डोळ्यांनी पाहून आलो."

तुम्ही पदर तोंडाला लावलात आणि त्याला बस म्हणालात. सगळी पंगत थांबली होती. मीही थांबले होते, तांदळाच्या पोत्याची शिवण उसवत. या कारखान्यावर कोणाकोणाची नावं लागतील ती लागोत, त्यात जे लोखंड वर चढलं ते आपल्या चुलीवर जेवून चढलं, हे मला त्या क्षणी दिसलं. इतका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही. पण 'तुमचा भात' म्हणताना त्याने पाहिलं तुमच्याकडे. आणि तुम्ही मान हलवलीत. लहानीचा पण आहे, एवढंच म्हणायचं होतं. तुमचं काय गेलं असतं?

हीच माझी तक्रार आहे. दुमजली घराची मी बोलते, पण ते घर मी सोडून देईन. इतक्या वर्षांत तुम्ही मला एकदा म्हणाला नाहीत की लहाने, ही खानावळ तू टिकवली. तुमचा हात सगळ्यांना दिसला, कारण तो पंगतीत फिरायचा. माझं काम बाजारात व्हायचं, जिथं लोक मला कजाग म्हणत. मला ते चाललं. पण तुम्हाला माहीत होतं. तुम्ही म्हणाला नाहीत, म्हणून आता मीच म्हणते. एका भावाची खानावळ चालवणं सोपं आहे असं ज्याला वाटतं त्याने एकदा चालवून पाहावी. देणारीचा हात सैल असेल तर आणणारीची जीभ तिखट असावी लागते. आपल्या दोघींपैकी एकटी कोणीही असती तर खानावळ वर्षभरात बंद पडली असती. आपण दोघी होतो म्हणून त्या घरी परत गेलो नाही. तुम्ही शेवटपर्यंत भरल्या ताटावर जेवलात. हे आपण दोघींनी केलं आणि मी ते ताठ मानेने सांगेन.

आता कारखाना वाढवतात, नवी भट्टी, नवे ठेकेदार. दौलत कायम झाला, त्याच्या बायकोने सेक्टरात चूल मांडली. नवी माणसं आली आहेत, तशीच हडकुळी, तशीच भुकेली. आणि तांदूळ असा झाला आहे की सुकवाराच्या गावातही धान लपवून ठेवतात. म्हणून मी म्हणत होते, आता तरी दोन भाव करू. तुम्ही तापात होतात तरी नाही म्हणालात. मी म्हटलं, मग एकच ठेवते, पण वाढवते. तुम्ही त्यालाही नाही म्हणालात, या लोकांना परवडणार नाही म्हणून. मग मी ओरडले, मग तुम्ही भिंतीकडे वळलात.

काल नव्या टोळीचा मुकादम आला. गोंदियाकडचा, पिळदार मिशा, खिशात विड्या. उभा राहून चुलीकडे बघत म्हणाला, खानावळ सुरू होणार का, त्याची सगळी टोळी जेवायला आणायची आहे, भाव काय? मी सांगितला. त्याने मिशी ओढली.

"मोठ्या बाईच्या टायमाले कमी होता म्हनतात."

"होता."

"मंग?"

"मंग तांदूळ बी सस्ता होता. अन् तो सस्ता मी आनत होती."

त्याने माझ्याकडे जरा नीट पाहिलं. विचारलं, बाबू लोकांना काय भाव?

"हाच."

"अन् आमाले?"

"हाच. पोटभर."

तो खाली बसला. मग आमची सुरू झाली. पूर्ण टोळी आणतो म्हणून सूट मागितली, दिली नाही. पहिल्या महिन्यापुरती मागितली, दिली नाही. आपण एकाच मुलखाचे म्हणाला, मी म्हटलं मुलूख एक असला तरी बाजार इथला आहे. सूट दिली तर दुसऱ्या महिन्यात त्याच्या माणसांना मोजून वाढावं लागेल, हे मी त्याला सांगितलं. त्याने विडी पेटवली, विझवली. म्हणाला, मोजत नसान त ठीक हाय. सोमवारपासून येतो.

तो गेल्यावर मी तुमच्या खाटेकडे पाहिलं. असा सौदा झाला की मी तिकडे बघून सांगायची.

दोन भाव केले नाहीत, मोठ्या बाई. तेवढं तुमचं राखलं. पण एकच भाव आहे तो मी चांगला वाढवला आहे, आणि तो खाली येणार नाही. तुम्हाला तो जास्त वाटेल, मला माहीत आहे. उद्या सकाळी चूल पेटवणार आहे. भांडायचं असेल तर या.